मशीन आली, धुणार कोण?

शाबान महिना अर्ध्यावर आला की आमच्या घरी स्वयंपाकघराचा माळा रिकामा होतो. रमजानसाठी मोठी पातेली, शरबताचे जग, सेवयांचे डबे खाली उतरतात. यंदा त्यांच्यासोबत आणखीही बरेच काही खाली आले. दोरी ओढून कांदा कापायचा चॉपर, रोटी मेकर, हँड ब्लेंडर, विजेवर लिंबू पिळायचे यंत्र, आणि एका जुन्या मिक्सरची दोन भांडी, ज्यांचा मिक्सर केव्हाच भंगारात गेला. या सगळ्या वस्तू आम्हीच हौसेने आणल्या होत्या. काही ईदीच्या पैशातून, काही शाळेचा थकीत भत्ता मिळाला तेव्हा. बेगमने सगळा ढीग जमिनीवर मांडला आणि म्हणाली, "हे सगळं पुन्हा वर ठेवायचं, की कुणाला देऊन टाकायचं?"

आमचे गाव कोराडी. छतावर उभे राहिले की वीज केंद्राच्या चिमण्या समोर दिसतात. १९७४ साली इथला पहिला संच सुरू झाला. आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच इथे आहेत. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, "तुमचं काय, वीज तर तुमच्या अंगणातच तयार होते!" पण पहिल्या वळवाच्या वाऱ्यात कोराडीतही दिवे जातात, आणि मग आमच्या अम्मींचा सिल-बट्टा बाहेर निघतो. मराठीतला पाटा-वरवंटा, तोच हा.

अम्मींचे म्हणणे असे की शामी कबाबाची चण्याची डाळ आणि गोश्त सिलवरच वाटावे. यात नुसता हट्ट नाही. दगडावर गोश्त रगडले जाते, त्याचे धागे शिल्लक राहतात आणि कबाब त्या धाग्यांनी बांधला जातो. मिक्सरचे पाते गोश्त कापते आणि क्षणात त्याची पेस्ट करते. त्यात पाण्याचा अंश राहिला तर कबाब तव्यावर सुटतो. यावर उपाय आहे. शिजवलेले गोश्त आणि डाळ पूर्ण कोरडी करून थंड होऊ द्यावी, भांडे अर्धेच भरावे, आणि बटण थांबून थांबून फिरवावे. मसाल्यालाही हेच लागू. सलग फिरवला तर भांडे तापते आणि मसाल्याचा वास उडून जातो. मिक्सर मध्येच बंद पडला तर लगेच दुकानात धावू नये. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक छोटे बटण असते, मोटर तापली की ते बाहेर येते. थोडा वेळ थंड होऊ द्यावे, मग दाबावे.

तरीही मिक्सरला आम्ही नावे ठेवणार नाही. त्याची कहाणी आपल्या मुंबईचीच आहे. १९६०च्या आसपास आपल्याकडे विदेशी मिक्सर येत. ते फळांचा रस, केकचे पीठ अशा मऊ कामांसाठी बनलेले. सुकी मिरची, हळद, भिजवलेली डाळ त्यांच्यात घातली की मोटर जळून जाई. मुंबईत सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा विदेशी मिक्सर असाच बंद पडला आणि त्याची दुरुस्ती इथे होईना. तेव्हा माथूरांनी आपल्या मसाल्याला पुरून उरेल अशी मोटर स्वतः तयार करायला घेतली. १९६३ साली सुरू झालेल्या त्या कामातून 'सुमीत' मिक्सर घडला. आमच्या पिढीला तो आईच्या स्वयंपाकघरातून आठवत असेल. बायकोची अडचण एका नवऱ्याने कान देऊन ऐकली, म्हणून लाखो बायकांचे खांदे वाचले.

कुकरचेही तसेच. वाफ कोंडली की आतले पाणी शंभर अंशांवर न थांबता सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते. म्हणून रात्रभर मंद आचेवर ठेवावे लागणारे पाये दीड-दोन तासांत मऊ होतात. फक्त कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये, डाळीसाठी तर अर्धाच. शिट्टीचे भोक दर वेळी उजेडाकडे धरून पाहावे, आणि आयएसआय चिन्ह नसलेला कुकर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

रोटी मेकरचा मात्र आमच्याकडे पराभव झाला. कणीक जरा घट्ट असेल तर पापड, जरा सैल असेल तर नकाशा! आणि ज्या नागपुरात बाया सैल कणीक हातांवर झेलत लांबवतात आणि उलट्या मडक्यावर टाकून लंबी रोटी भाजतात, तिथे या यंत्राने मिरवावे तरी कसे?

पण आम्हाला आज खरे सांगायचे आहे ते वेगळेच. मागच्या रमजानातली गोष्ट. एका सहरीला मिक्सरच्या आवाजाने आमची झोप मोडली. घड्याळात पावणेचार. आम्ही कूस बदलली आणि दस्तरख्वान लागल्यावर उठलो. चटणी दोन प्रकारची होती. आम्ही तारीफ केली आणि म्हणालो, "मिक्सर किती कामाचा आहे बघ." बेगम भांडी गोळा करता करता शांतपणे म्हणाली, "आप मशीन तो ले आए, मशीन धोनेवाला कब लाओगे?"

त्या दिवशी शाळेत गणित शिकवताना ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन आम्ही घड्याळ लावून बसलो. चॉपरने चार कांदे दोन मिनिटांत कापले. मात्र पाती सोडवणे, झाकणात अडकलेली साल काढणे, धुणे, पुसणे, जागेवर ठेवणे यात सात मिनिटे गेली. मिक्सरला वीज किती लागते, तेही मांडले. साडेसातशे वॅटचा मिक्सर रोज चार मिनिटे चालला तर वीस दिवसांत एक युनिट होते. म्हणजे विजेच्या बिलावर त्याचा भार नाही. भार पडतो तो दुसरीकडे, आणि त्याचे मीटर घरात कुणी लावलेले नाही. शिवाय मिक्सर आला म्हणून एका चटणीच्या दोन झाल्या, कुकर आला म्हणून इफ्तारला चणेही आणि हलीमही. यंत्राने वाचवलेला वेळ आम्ही पुरुषांनी फर्माइशींत खर्च करून टाकला.

हजरत फातिमा (र.) यांची हकीकत आपण मुलांना सांगतो. दळून दळून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. एखादा सेवक मिळावा म्हणून त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. प्रेषितांनी (स.) त्यांना झोपण्यापूर्वीची तस्बीह शिकवली: ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. या हकीकतीतून आम्ही बायकांना नेहमी सब्राचा धडा देतो. पण दुसरी रिवायत सांगायला विसरतो. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे विचारल्यावर हजरत आयशा (र.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. पहिली रिवायत आम्ही बेगमला ऐकवली होती. दुसरी स्वतःला ऐकवायला वीस वर्षे लागली.

या वर्षी माळ्यावरचा ढीग असा निकाली लागला. रोटी मेकर आणि लिंबाचे यंत्र गरजू शेजाऱ्यांना विचारून दिले. हँड ब्लेंडर लस्सीसाठी खाली राहिला. चॉपर आमच्या नावावर झाला: कापायचा आम्ही, धुवायचाही आम्ही. दहावीतल्या मुलाला मिक्सरचे पाते न कापून घेता कसे धुवायचे, ते त्याच्या आईने शिकवले. भांड्यात थोडे पाणी आणि साबणाचा थेंब टाकून क्षणभर फिरवायचे, मग प्लग काढून बाकीचे हाताने. सुरुवातीला त्याला लाज वाटली. आता बहिणीला तो वरून सूचना देतो! सिल-बट्टा मात्र अम्मींच्या खोलीबाहेर तसाच आहे. कबाबाच्या दिवशी वाटायला आम्ही बसतो आणि अम्मी बाजूला बसून चुका काढतात.

वाचकहो, रमजानच्या बाजारात यंदाही नवनवी यंत्रे दिसतील. घ्यायला हरकत नाही. घेण्यापूर्वी घरातल्या बाईला तीन गोष्टी विचाराव्यात: तुला हे खरेच हवे आहे का, याची दुरुस्ती जवळपास होते का, आणि हे धुणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तिच्याकडे बघू नये.