राखेचा भाव

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा त्या धातूंची नावे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतील. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. शाळेच्या भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात यांपैकी बहुतेक मंडळी अगदी तळाशी, वेगळ्या ओळीत बसवलेली असत आणि ‘हे परीक्षेला नाही’ असे म्हणून मास्तर पुढे सरकत. त्याच वर्षी पावसाळा येईपर्यंत ही नावे पुण्याच्या आकुर्डी-चाकण पट्ट्यात चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटारीत जे लहानसे पण कमालीचे ताकदवान चुंबक असतात, ते तापल्यावरही टिकावेत म्हणून त्यांत डिस्प्रोशियम-टर्बियमची चिमूट घालावी लागते. ती चिमूट अडली. ऑगस्टमध्ये विजेच्या स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे बजाज ऑटोला जुलैत जाहीरपणे सांगावे लागले. पुढे सोय होऊन काम सुरू झाले, हा भाग वेगळा. पण शेकडो कोटींचा कारखाना ग्रॅममध्ये मोजायच्या मालापायी अडू शकतो, हे सगळ्यांना दिसले. ऑक्टोबरमध्ये चीनने यादी आणखी लांबवली, मग अमेरिकेशी बोलणी झाल्यावर ती वाढ वर्षभरासाठी स्थगित केली. एप्रिलची यादी मात्र त्या स्थगितीत नव्हती.

अशी अडवणूक झाली की आपल्याकडे एक दिलासा देणारी बातमी हमखास येते. ती या वेळीही आली. आपल्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेत, अॅल्युमिनियमच्या कारखान्यांच्या लाल चिखलात, कोळसा खाणींच्या उपसलेल्या मातीत हे सारे धातू पडलेले आहेत, फक्त काढायचे बाकी आहेत, अशी ती बातमी.

माझी तीसेक वर्षे बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी लोकांचे प्रकल्प अहवाल वाचण्यात. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा कल्पित लेखनाची गोडी कशी लागली असे लोक विचारत. त्याचे खरे उत्तर मी कधी दिले नाही. असो. सांगायचा मुद्दा हा की ‘फक्त काढायचे बाकी आहेत’ हे वाक्य मी या ना त्या रूपात शेकडो वेळा वाचले आहे, आणि ते वाचले की अजूनही माझा हात पेन्सिलीकडे जातो.

बातमी खोटी नाही, हे आधी सांगतो. या सतरा धातूंना ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. त्यांतला सिरियम तर पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतका आहे. अडचण अशी की हे धातू एका जागी साठून राहत नाहीत, सगळीकडे चिमूट-चिमूट पसरलेले असतात. कोळशातही ते असतात. कोळसा जळला की कार्बन धूर होऊन जातो आणि मातीचा अंश मागे उरतो. त्यात हे धातू आपोआप दाट होतात. कोळशाच्या राखेत असे विरळ धातू साठतात, हे व्हिक्टर गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकातच दाखवले होते. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकेने आजवर जाळलेल्या कोळशाच्या राखेत सुमारे १ कोटी १० लाख टन दुर्मिळ मृदा असावी, म्हणजे त्या देशाच्या ज्ञात साठ्याच्या जवळपास आठपट.

आपण तर राखेच्या बाबतीत कुबेरच. आपल्या कोळशात तीस-पस्तीस टक्के, कधी चाळीसच्या वर राख असते. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख निघाली. समजा, टनाला ३०० ग्रॅम दुर्मिळ मृदा धरली, तर वर्षाला ८१ हजार टन होते. त्यात निओडिमियम साधारण सहावा हिस्सा, म्हणजे साडेतेरा हजार टन. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची जी चुंबक योजना मंजूर केली, तिचे उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन चुंबकांचे आहे. अशा चुंबकात निओडिमियम आणि त्याचा जोडीदार प्रासिओडिमियम मिळून तिसऱ्या हिश्शाच्या आत-बाहेर. म्हणजे दोनेक हजार टन पुरे. गरजेच्या सहापट माल आपण दरसाल राखतळ्यात ओततो आहोत! अहवाल इथे संपला असता तर मी मंजुरीची शिफारस करून मोकळा झालो असतो.

पण असणे आणि हाती येणे यांत अंतर आहे. वीज केंद्राच्या भट्टीत चौदाशे अंशांच्या आसपास तापमानाला मातीचे कण वितळतात आणि थंड होताना काचेचे बारीक मणी होतात. धातू या काचेच्या आत कोंडले जातात. अमेरिकेच्या अॅपलाचियन भागातल्या राखेत ते टनाला सरासरी ४३१ ग्रॅम, पण त्यातले जेमतेम ३० टक्के हाती लागण्याजोगे. वायोमिंगकडच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या राखेत सरासरी २६४ ग्रॅमच, पण ७० टक्के निघू शकतात. कारण त्या राखेत चुन्याचा अंश जास्त, त्यामुळे आम्लात ती सहज विरघळते. आता आपली राख कोणत्या जातीची? सिंगरौली, तालचेर, वर्धा खोरे, सिंगरेणी इथला गोंडवाना कोळसा जळून जी राख होते ती सिलिका आणि अॅल्युमिनाने भरलेली, चुना नावाला. म्हणजे चिवट जातीची. तिच्यातून धातू सोडवायचे तर कॉस्टिकसारख्या क्षाराबरोबर ती पुन्हा भाजा, मग आम्लात खळखळवा, मग सतरा भावंडांना एकमेकांपासून वेगळे करा. ही भावंडे रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी की त्यांची वाटणी करायला द्रावणाच्या शेकडो टप्प्यांची साखळी लागते. चीनची खरी मक्तेदारी खाणींपेक्षा या साखळीत आहे.

खर्चाची बाजू अशी. आता जमेची पाहू. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्याच देशातल्या एमपी मटेरियल्स या कंपनीला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा दहा वर्षांचा हमीभाव दिला. तेव्हाच्या बाजारभावापेक्षा तो बराच वरचा होता. तोच आपण धरू. ३०० ग्रॅममध्ये या जोडीचा वाटा साठेक ग्रॅम. त्याचे ऑक्साइड सत्तरेक ग्रॅम. शंभर टक्के हाती आले तरी एका टन राखेतून सातशे रुपयांच्या आसपास. निम्मे आले तर साडेतीनशे. डिस्प्रोशियम-टर्बियमचे थोडे वर धरा. ज्यांचे वजन जास्त, त्या सिरियम-लँथॅनमला बाजारात विचारतो कोण? एवढ्या रकमेत आम्ल, क्षार, इंधन, पगार, व्याज आणि हप्ता बसवायचा आहे. भाजीच्या गाडीलासुद्धा याहून बरे गणित लागते.

त्यातून भावाचा भरवसा नाही. सप्टेंबर २०१० मध्ये बेटांच्या वादावरून चीनने जपानचा पुरवठा अडवला. २०११ मध्ये किमती कित्येक पटींनी चढल्या. लगेच जगभर कारखाने उभे राहिले. फ्रान्समध्ये सोल्व्हे या कंपनीने २०१२ मध्ये जुन्या ट्यूबलाइट आणि दिव्यांच्या पावडरमधून हे धातू परत मिळवायला सुरुवात केली. उत्तम तंत्र, स्वच्छ काम. तोवर भाव कोसळले, ट्यूबची जागा एलईडीने घेतली आणि २०१६ मध्ये कंपनीने तो कारभार गुंडाळला. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण चालवणारी मॉलिकॉर्प जून २०१५ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी होती. आज हमीभाव मिळवणारी एमपी मटेरियल्स तीच खाण चालवते. बाजारावर भिस्त ठेवणारी अमेरिका शेवटी हमीभावावर आली, हे आपल्या कापूस आणि कांदा उत्पादकांनी कात्रण काढून ठेवावे असे आहे.

मग हा सारा नादच सोडावा का? नाही. टाकाऊतून हे धातू कुठे निघाले ते पाहिले की वाट दिसते. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या सोरेल-ट्रेसी इथे रिओ टिंटो कंपनी २०२२ पासून टायटॅनियम डायऑक्साइडच्या कारखान्याच्या सांडपाण्यातून स्कँडियम काढते. सुरुवातीची क्षमता वर्षाला तीन टन, पण जगाची बाजारपेठच इतकी चिमुकली की तेवढ्यातच तिचा पाचवा हिस्सा भरतो. तिथे धातू आधीच द्रवात उतरलेला होता, विरघळवण्याचा खर्च मूळ धंद्याने केलेला होता. दुसरे उदाहरण वेस्ट व्हर्जिनियाचे. तिथल्या बंद कोळसा खाणींतून आम्लयुक्त पाणी वाहते आणि नद्या नासवते. कायद्याने ते शुद्ध करावेच लागते. त्यात चुना टाकला की जो गाळ बसतो, त्यात दुर्मिळ मृदा साठलेली असते. दगडातून ती सोडवण्याचे काम पाण्याने फुकट केले आहे. तिथल्या विद्यापीठाने या गाळावर प्रायोगिक कारखाना उभा केला. जो कचरा आवरण्याचा खर्च आपल्याला टळतच नाही, त्यातून आधी धातू शोधा, असा मी याचा अर्थ लावतो.

आपल्याकडे असा कचरा लाल चिखलाचा. बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढताना तो उरतो, वर्षाला नव्वदेक लाख टन. तो कॉस्टिकने जहाल असतो. हंगेरीत ऑक्टोबर २०१० मध्ये आयका इथला बंधारा फुटला तेव्हा दहा माणसे दगावली. त्यात लोह, टायटॅनियम, अॅल्युमिना आणि वर स्कँडियम-इट्रियम. एकट्या धातूने भागणार नाही, पण चौघांचे मिळून गणित जमू शकते. या कामात भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर नागपूरची जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन संस्था आहे, ही आपल्या वर्तमानपत्रांना सहसा न दिसणारी गोष्ट.

आणि राख? तिला एक बाजू आहे जी आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूला नाही. मुंबईत प्रभादेवीला मुख्यालय असलेली सरकारी ‘आयआरईएल’ १९५० पासून या व्यवसायात आहे. देशात १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट असल्याचे सरकार सांगते. म्हणजे निओडिमियमसाठी राख उकरण्याचे कारण नाही; उणीव आहे ती शुद्धीकरणाच्या आणि चुंबकाच्या कारखान्यांची. पण मोनाझाइटमध्ये डिस्प्रोशियम-टर्बियमसारखे जड धातू अगदी कमी. राखेत आणि ईशान्येकडच्या कोळशात त्यांचे प्रमाण तुलनेने बरे. अडले तेही त्याच धातूंवाचून. तेव्हा राखेवर प्रयोग व्हायला हवेत, आणि ते सरकारी पैशाने व्हायला हवेत, कारण कोणतीही बँक याला कर्ज देणार नाही, देऊही नये. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाचा पसारा सरकारचे १६,३०० कोटी आणि सार्वजनिक उपक्रमांचे १८,००० कोटी असा आहे. त्यात राख, लाल चिखल, खाणीची माती यांतून धातू काढण्याच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी १०० कोटी. शेकड्याला तीस पैसेसुद्धा नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती राखेला भाव आल्यावर काय होईल याची. आज राख हे ओझे आहे. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने वीज केंद्रांना राख शंभर टक्के वापरात आणण्याची सक्ती केली, नाही तर टनाला हजार रुपये भरपाई. म्हणून ती सिमेंटमध्ये जाते, महामार्गाच्या भरावात जाते, बंद खाणीत जाते. भरावात गेलेले धातू कायमचे गेले, याचा विचार त्या अधिसूचनेत नाही.

विदर्भातल्या एका शाखेत असताना राखेच्या विटा करणाऱ्या एका तरुणाचे प्रकरण माझ्याकडे होते. राख फुकट, वाहतूक स्वतःची, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. दोन वर्षांत आसपास आणखी चार भट्ट्या आल्या, मागणी वाढली, आणि फुकटची राख निविदेने मिळू लागली. निविदा कुणाला मिळाली ते सांगायला नको. याने शेवटी यंत्र विकून हप्ते फेडले. परळीच्या राखेची वाहतूक आणि तिच्यावरची दंडेली २०२४-२५ मध्ये राज्यभर गाजली, तेव्हा मला त्याची आठवण झाली. आणि हे सारे विटांच्या, सिमेंटच्या राखेपायी. तिच्यात विमानाला आणि क्षेपणास्त्राला लागणारा धातू आहे, असा शिक्का बसला की काय होईल?

राखेशेजारी राहणाऱ्यांना या भावातले काय मिळणार, याविषयी कुठल्याच कागदावर ओळ नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखाडी पाणी शेतांत, नदीत शिरले. त्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने राखेतून टर्बियम निघते की नाही हा प्रश्न नाही. ती हलते की नाही, हा आहे. धातू काढण्याच्या निमित्ताने जुनी तळी उपसली जाणार असतील, खाली अस्तर पडणार असेल, तर हा उद्योग तोट्यात चालला तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन. तो तोटा नव्हे, राहून गेलेली साफसफाई आहे. पण आम्लात भिजवलेली राख आधीच्या राखेहून निराळी असते; तिच्यातले आर्सेनिक, क्रोमियम मोकळे होऊ शकते. ते धुण्याचा खर्च प्रायोगिक अहवालात कोणत्या रकान्यात दाखवला आहे, हे मी प्रथम पाहीन. हमीभाव किती वर्षांचा आणि कोणाच्या सहीने, हे त्यानंतर. आणि टनातले तीनशे ग्रॅम काढून घेतल्यावर उरलेले नऊशे नव्व्याण्णव किलो सातशे ग्रॅम कुठल्या गावाच्या कुठल्या गटनंबरात ठेवणार आहात, त्याचा सातबारा अर्जाला जोडलेला हवा.