पत्ता यंत्राचा की जागेचा?

ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१एची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली. चर्चा इंजिनांची आणि उशिराची झाली. विमानातल्या तारांची नाही. रुग्णालयांनी शिकावे असे काही तिथे आहे.

तेजस काय किंवा ओझरलाच तयार होणारे सुखोई काय, त्यांतली उपकरणे '१५५३बी' या सामाईक वाहिनीवर बोलतात. अभियंते तिला 'बस' म्हणतात (एसटीशी संबंध नाही). एका वाहिनीवर जास्तीत जास्त ३१ उपकरणे, प्रत्येकाला ० ते ३० पैकी एक क्रमांक. दोघांचा क्रमांक एकच झाला, तर दोघे एकदम उत्तर देतात आणि गोंधळ उडतो. म्हणून क्रमांक सहसा उपकरणात भरत नाहीत. बसवण्याच्या जागीच, जोडणीच्या पाच पिनांत तो तारांनी पक्का करतात. सहावी पिन पडताळणीची. हिशेब जुळला नाही तर उपकरण गप्प राहते.

अतिदक्षता विभागात बरेचदा याच्या उलट असते. 'खाट ४' हे नाव मॉनिटरच्या सेटिंगमध्ये असते. तोच मॉनिटर घाईत सहाव्या खाटेला लावला, तर मध्यवर्ती पडद्यावर घंटा चौथ्या खाटेची वाजते. परिचारिका तिकडे धावते आणि इकडे सहाव्या खाटेवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन घसरत राहतो. खरेदीच्या निविदेत किंमत आणि हमी काटेकोर लिहिलेली असते. मॉनिटर हलवल्यावर नाव कोणी बदलायचे, हे मात्र क्वचितच.

तोवर साधा उपाय आहे. मॉनिटर हलवला की रुग्णाच्या बोटावरचा सेन्सर क्षणभर काढावा आणि पडद्यावर कोणती खाट ओरडते, ते पाहावे.