केळीतला हरण्या आणि परसातली काकडी
2020 च्या पावसाळ्यात यावल-रावेर पट्ट्यात हरण्यामुळे (सीएमव्ही) शेतकऱ्यांना केळीची नवी रोपे उपटावी लागली. तेव्हापासून बोट रोपांच्या दर्जाकडेच जाते. ते रास्त असले तरी अर्धेच आहे. हाच विषाणू घरामागच्या काकडी, गिलकी, टोमॅटो, मिरचीवर आणि बांधावरच्या केन्यावरही राहतो. मावा रोगट पानातून तो काही सेकंदांत उचलून पुढच्या झाडाला देतो, त्यामुळे नुसत्या फवारणीने प्रसार थांबत नाही. बुरशीनाशकाचा खर्च तर वायाच. वेलाची पाने हिरवी-पिवळी चट्टेदार, आखडलेली दिसली, तर चार काकड्यांचा मोह सोडा. वेल उपटून गाडा. उरलेल्यांवर माव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. कोवळ्या केळीत मात्र या भाज्या लावूच नका.