संशोधन पदवीकडे मनोविकारतज्ज्ञांची पाठ का?

महाड (प्रतिनिधी) - २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी जीव घेतले. त्याआधी, ऑगस्ट २०२० मध्ये महाड शहरातील तारिक गार्डन इमारत कोसळून १६ जण दगावले होते. पडलेल्या घरांचे पंचनामे होतात. मागे राहिलेल्यांच्या मनावरील आघाताची नोंद मात्र वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ती घेणारे संशोधक कोठून येणार, हा खरा प्रश्न आहे.

राज्यापुढील चित्रही अपुरेच आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या पाहणीनुसार सुमारे दहा टक्के प्रौढांना मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते.

मनोविकारतज्ज्ञ पीएचडीकडे का वळत नाहीत, याचे उत्तर व्यवहारात दडले आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एम.डी.ची तीन आणि शासकीय महाविद्यालयातील बंधपत्रित सेवा संपेपर्यंत तिशी येते. पीएचडीसाठी आणखी किमान तीन वर्षे द्यावी लागतात. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक होण्यास तिची अट नाही आणि खासगी व्यवसायात तिचा आर्थिक लाभही नाही. एम.डी.साठी प्रबंध लिहावा लागतो खरा. परंतु परीक्षेच्या धबडग्यात तो अनेकदा उपचारापुरता उरतो. शिवाय देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता वाट्याला येत नसताना रुग्णसेवा सोडून संशोधन करणे अनेकांना चैन वाटल्यास नवल नाही.

महाडचा धडा

पदवीशिवाय संशोधन होत नाही काय, असा प्रतिप्रश्न महाडमध्ये तरी नक्की विचारला जाईल. येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या वापराने विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या तालुक्यातही जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले.

मात्र विंचूदंशाचा रुग्ण बरा झाला की नाही, हे एक-दोन दिवसांत कळते. दरडग्रस्ताच्या दुःखाचे तसे नाही. त्यासाठी तीच माणसे अनेक वर्षे तपासावी लागतात, स्थानिक बोलीत समजतील अशा प्रश्नावल्या पारखून घ्याव्या लागतात आणि आपत्ती न भोगलेल्या गावांशी तुलना करावी लागते. हे शास्त्र केवळ बाह्यरुग्ण विभागातील अनुभवाने साधत नाही. त्यासाठी पद्धतशीर प्रशिक्षण हवे, आणि संशोधन पदवीचे खरे प्रयोजन तेच आहे.

त्यामुळे दोष केवळ डॉक्टरांच्या अनास्थेला देणे अन्यायाचे ठरेल. जिल्ह्यातील सेवेत राहूनच पीएचडी करण्याची मुभा, त्या काळात पूर्ण वेतन आणि पदोन्नतीत तिची दखल, एवढे शासन व आरोग्य विज्ञान विद्यापीठाने केले तरी चित्र बदलू शकेल. तज्ज्ञ रुग्णांपासून दुरावणार नाही आणि त्याचे रुग्णालय हेच संशोधनाचे क्षेत्र बनेल. पुढची दरड कोसळण्यापूर्वी ही तजवीज झाली पाहिजे. अन्यथा आपत्तीनंतर धावून येणाऱ्या समुपदेशकांचा कोणाला कितपत उपयोग झाला, हे सांगणारे तेव्हाही कोणी नसेल.