विश्लेषण : माथेरानच्या घोड्यावर किती वजन चालते? नियम काय सांगतो?

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे. तिथून बाजारपेठ गाठायची तर पायी चाला, मिनी ट्रेन पकडा, ई-रिक्षा घ्या किंवा घोडा करा. घोडा ठरवताना घासाघीस होते ती दरावरून. त्याला किती वजन झेपते, ही आज कितवी फेरी, हे सहसा कोणी विचारत नाही.

माणसाने माणसाला ओढणाऱ्या इथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. मग घोड्यांचे काय?

नियम आहेत का?

आहेत, आणि जुने आहेत. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राने 1965 मध्ये केलेल्या नियमांनुसार :

• तट्टूच्या पाठीवर जास्तीत जास्त 70 किलो ओझे
• दिवसात एकूण 9 तासांपेक्षा जास्त काम नाही
• सलग 5 तासांनंतर विश्रांती
• तापमान 37 अंशांवर गेल्यास दुपारी 12 ते 3 काम बंद

आजारी, जखमी किंवा लंगड्या जनावराला कामाला जुंपणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण, 70 किलोची मर्यादा मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. पोत्याचे वजन होते, पर्यटकाचे होत नाही. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नको, असा घोडेस्वारीत ढोबळ संकेत आहे. म्हणजे 300 किलोच्या तट्टूवर स्वार आणि खोगीर मिळून 60 किलो. 85 किलोचा पर्यटक कुठल्याच हिशेबात बसत नाही.

दुसरी अडचण दंडाची. 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. एवढ्या पैशांत आज चहा-वडापावही जेमतेम होतो.

घोडेवाल्यांचे पोट?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया बग्ग्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या, तेव्हा मालक-चालकांच्या पुनर्वसनाचाही मुद्दा आला. विजेवर चालणाऱ्या बग्ग्या रस्त्यावर यायला 2021 उजाडले. मधली वर्षे ज्यांनी काढली, त्यांना बंदीची खरी किंमत ठाऊक आहे.

माथेरानमध्ये घोडा हा अनेक घरांचा चरितार्थ आहे. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा आधी मोजमाप हवे. नाक्यावर वजनकाटा, प्रत्येक घोड्याच्या फेऱ्यांची नोंद, पशुवैद्यकाची ठरावीक तपासणी आणि पाण्याची सोय करणे फार खर्चाचे नाही. फेऱ्या कमी झाल्या तर दर वाढवून द्यावा लागेल. तो भार पर्यटकानेच उचलायला हवा.

पर्यटकाने काय पाहावे?

घोडा लंगडतो का, खोगिराखाली किंवा तोंडाशी जखम आहे का, बरगड्या वर आल्या आहेत का, हे बसण्याआधी पाहा. दोघांनी एका घोड्यावर बसू नका. वजन जास्त असेल तर सरळ ई-रिक्षा घ्या किंवा चाला.

नियम 1965 पासून कागदावर आहेत. दस्तुरी नाक्यावर अजून एक वजनकाटा लागत नसेल, तर दोष घोडेवाल्याइतकाच व्यवस्थेचाही आहे.