वायरीत काय आहे?

दिवाळीचा बोनस अकाउंटला पडला की डोक्यात शॉपिंगची लिस्ट सुरू होते. त्या लिस्टवर ‘घरी आई-बाबांसाठी साऊंड सिस्टीम’ असेल, तर तुम्ही भलतेच गुणी बाळ आहात. पण बिल फाडता फाडता सेल्समन एक गुगली टाकतोच, ‘वायर कुठली देऊ? साधी की गोल्ड प्लेटेड? आवाजात फरक पडतो हां!’ साधी अडीचशेला, सोनेरी अडीच हजाराला. झालं, आपण गार!

तर मंडळी, आज फक्त वायरीबद्दल बोलू. तीही डिजिटल, म्हणजे टीव्ही किंवा सीडी प्लेअरपासून अॅम्प्लिफायर किंवा साऊंडबारपर्यंत जाणारी.

फंडा सिंपल आहे. या वायरीतून गाणं जात नाही, आकडे जातात. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला 44,100 मोजमापं, प्रत्येक 16 बिटचं. आकडे पोचतात किंवा पोचत नाहीत. ओटीपी महागड्या फोनवर आला म्हणून त्यातले आकडे काही भारी होत नाहीत ना, तसंच. वायर खराब असेल तर आवाज मध्येच तुटतो, टिकटिक येते, नाहीतर ठार शांतता. ‘बेस जरा पातळ वाटतोय’ असा नाजूक बिघाड ती करत नाही.

आता खेळाडूंची ओळख.

ऑप्टिकल : तोशिबाने 1983 मध्ये आणलेली, म्हणून नाव टॉसलिंक. प्लॅस्टिकच्या बारीक तंतूतून लाल उजेड लुकलुकत जातो. फार मुरडायची नाही आणि टोकांवरची छोटी टोपणं आधी काढायची!

कोअॅक्सियल : तांब्याची, 75 ओहमची. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर आठवते? तीही याच जातीची, आणि थोड्या अंतराला मस्त चालते. म्हणजे खर्च शून्य.

एचडीएमआय : टीव्हीचा आवाज याच वायरीतून उलटा साऊंडबारकडे नेण्याची सोय, म्हणजे एआरसी, 2009 मध्ये आली. तिची मोठी बहीण ईएआरसी 2017 मध्ये.

पहिल्या दोघींतून साधा स्टिरिओ जातो, किंवा दाबून बसवलेला 5.1 डॉल्बी. ओटीटीवरचा अॅटमॉस हवा असेल तर एआरसी लागते आणि ब्लू-रे डिस्कवरचा बिनकाटछाट आवाज टीव्हीमार्गे न्यायचा तर ईएआरसी. पण घरी दोनच स्पीकर असतील तर या शर्यतीत उतरायचं कारणच नाही.

मग वायर कुठलीही घेतली तरी चालेल? तसंही नाही. फरक आहे, पण सेल्समन सांगतो तिथे नाही. तो मी निफाडला ऐकला.

निफाड म्हणजे द्राक्षं, कांदा आणि दर थंडीत घसरलेल्या पाऱ्याची बातमी. तिथे एका मित्राचं घर आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या या पोराने वडिलांसाठी अॅम्प आणि दोन स्पीकर पाठवले होते. आप्पांना जुन्या गायकीचं वेड. त्यातही 1921 साली नाशिकला जन्मलेले द. वि. पलुस्कर म्हणजे दैवत. पलुस्कर 1955 मध्ये गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यामुळे आहेत ती रेकॉर्डिंग्ज त्या काळातली, जपून ऐकायची. आप्पांनी टीव्हीवर यूट्यूब लावलं, आलाप सुरू झाला आणि तानपुऱ्याच्या खालून एक सलग ‘हूंऽऽऽ’. गाणं थांबवलं तरी ‘हूं’ चालूच. ‘हा कुठला षड्ज?’ आप्पा वैतागून म्हणाले.

तो विजेचा षड्ज होता. आपली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, तीच ही घरघर. गच्चीवरच्या डिशची वायर एका ठिकाणी जमिनीला टेकलेली, अॅम्पचं अर्थिंग दुसऱ्या ठिकाणी. मधली तांब्याची कोअॅक्सियल वायर दोन्ही टोकं जोडून टाकते आणि त्या चक्रात थोडा करंट फिरत राहतो. आकडे बिनचूक पोचतात, पण घरघर त्यांच्या मागच्या दाराने अॅम्पमध्ये शिरते. डिशची वायर उपसली तर आवाज गायब. म्हणजे निदान पक्कं.

यावर गावच्या वायरमनचा उपाय तयार होता, ‘अॅम्पची अर्थिंगची पिन काढून टाका.’ प्लीज, हे कधीही करू नका! घरघर जाते खरी, पण उद्या आत काही बिघडलं तर अॅम्पच्या पत्र्यात करंट उतरतो आणि व्हॉल्यूमला पहिला हात लागतो आप्पांचा.

उपाय निघाला तीनशे रुपयांचा. कोअॅक्सियल काढली, ऑप्टिकल लावली. प्लॅस्टिकमधून उजेड जातो, करंट जात नाही. चक्र तुटलं, घरघर बंद, अर्थिंग जागच्या जागी. तानपुरा एकटा उरला आणि आप्पांनी पुढचा तासभर कोणाशी बोलायचं नाव काढलं नाही.

एक तक्रार मात्र आली, काकूंची. ऑप्टिकलमधून रिमोटचे हुकूम जात नाहीत. त्यामुळे आता टीव्हीचा रिमोट वेगळा, आवाजाचा वेगळा. ज्यांच्या घरी घरघर नाही आणि दोन रिमोटचा वैताग आहे, त्यांनी खुशाल एआरसी घ्यावी. टीव्हीच्या रिमोटवरच आवाज कमी-जास्त होतो.

म्हणून खरेदीला जाण्याआधी फोन लावून घरी तीन प्रश्न विचारा. टीव्हीच्या मागे कुठली भोकं आहेत? स्पीकरमधून घरघर येते का? रिमोट कोण वापरणार? वायर या उत्तरांवरून ठरते, सोनेरी टोकांवरून नाही. घरी पोचलात की टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये, दोनच स्पीकर असतील तर, ‘पीसीएम’ निवडा. नाहीतर नव्याकोऱ्या वायरीतून काहीच ऐकू येणार नाही आणि बिचारी दुकानात परत जाईल. आणि वाचलेल्या सव्वादोन हजारांत घराचं अर्थिंग एकदा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हे गिफ्ट कुठल्याच शोरूममध्ये पॅक करून मिळत नाही.