स्वमग्न मुलाची शाळा : पालकांनी साथ द्यावी, शिक्षकाची जागा घेऊ नये

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला नेहमीच्या शाळेत घालताना काही पालकांना ऐकावे लागते, "आईने वर्गात बसावे लागेल" किंवा "मदतनीस तुम्हीच ठेवा, पगारही तुम्हीच द्या." मुलाची शाळा सुटू नये म्हणून पालक तयार होतात. पण याला पालकांचा सहभाग म्हणता येणार नाही. ही शाळेची जबाबदारी घरावर ढकलणे झाले.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचीही तरतूद आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० जणांमागे आणि त्यापुढे १५ जणांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना ही पदे मंजूर करून भरण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. खरी अडचण इथे आहे.

मग पालकांनी काय करावे?

• मुलाची माहिती एका पानावर लिहून द्या : ते गरज कशी सांगते, कोणत्या आवाजाने बिथरते, कशाने शांत होते.
• शिक्षकांसोबत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठरवा. एका वेळी दोन-तीनच उद्दिष्टे ठेवा, उदा. पाणी मागणे, रांगेत थांबणे.
• घरी आणि शाळेत तीच चित्रकार्डे, त्याच सूचना वापरा. ठिकाण बदलले की शिकलेली गोष्ट वापरणे या मुलांना अनेकदा अवघड जाते.
• ठरावीक दिवशी भेटा. तक्रारींइतकीच प्रगतीही विचारा.

मूल अचानक चिडू, मारू किंवा शाळा टाळू लागले, तर आधी डॉक्टरांना दाखवा. कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठता किंवा अपुरी झोप त्याला शब्दांत सांगता येत नसेल. वर्गात कोणी त्रास देते का, हेही पाहा.

शाळेकडे मागणी लेखी करा, पोच घ्या. प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. मुलाला ओळखणे ही तुमची ताकद आहे, तर त्याला वर्गात शिकवणे हे शाळेचे काम.